डाव्या चाकातली हवा

उजवा पाय, मारुतीराव, उजवा — आणि जरा सैल बसा हो, गाडीच्या सीटवर बसलाय तुम्ही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नाही. हं. आता मी खालून 'दाबा' म्हटलं की ब्रेक दाबायचा, 'धरा' म्हटलं की धरून ठेवायचं आणि मी चाकामागचा हवा काढायचा निपल बंद करून 'सोडा' म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर निघालेली हवा परत आत — हसताय काय? बरं बरं, तुम्हीच शिकवलंत मला. शिकवलेलं चेल्याने म्हणून दाखवलं की वस्तादाने मान डोलवायची असते. दाबा. धरा. बघा — म्हणजे तुम्हाला नाही दिसत, मला दिसतंय — नळीतून कसे बुडबुडे निघतायत बरणीत. नळी सलाईनची, बरणी शैलाच्या मोरांब्याची. मोरांबा कुठाय ते विचारू नका. सोडा.

शैला? छे, ती नाही बसत. तिच्याच वडिलांची गाडी, पण ह्या पेडलवर पाय ठेवणार नाही म्हणते. मी म्हटलं, अगं, तुझे वडील ह्याच फटफटीवरून खंडाळ्याच्या बंगल्यांना बर्फ पोचवायचे — पुढे मोटरसायकल, मागे दोन चाकं आणि पेटी, सगळ्या लोणावळ्याला आवाज ओळखीचा — तर म्हणाली, त्यांचा बर्फ पोचायचा, तुमचं काय पोचतंय? बायकोचं बोलणं आवकमध्ये नोंदवायचं, उत्तर द्यायचं नाही. अडतीस वर्षं मी तेच केलं वडगावच्या कचेरीत. आला कागद की शिक्का, शिक्का झाला की पुढच्या टेबलावर. माझ्या टेबलावर कधी काही राहिलं नाही, मारुतीराव, ही माझी ख्याती. दाबा. धरा. सोडा.

कसा लागतोय? अजून पोकळच ना, गादीवर पाय दिल्यासारखा? लागेल, लागेल. उजवं चाक सकाळीच झालंय, ते दगडासारखं आहे. हे डावंच जरा — मास्टर सिलिंडर खोलून साफ केला, नळ्या नव्या टाकल्या, चाकातल्या ब्रेकची रबरं पुण्याहून नवी आणली. आणि लावताना नुसत्या ब्रेक ऑईलने पुसली, पेट्रोलचा थेंबसुद्धा लावला नाही ह्या वेळी. ह्या वेळी म्हणजे — आपलं बोलायची पद्धत. दाबा.

धरा म्हटलं ना. पाय दमला का? सोडा. विश्रांती घ्या हवी तर. हाताला बरं आहे आता? दोन बोटं तशीच का? म्हणजे ती वळत नाहीत ते दिसतंच, पण दुखत तर नाहीत? मागच्या महिन्यात कान्ह्याला उतरलो होतो, स्टेशनाबाहेर तुम्हाला लांबून पाहिलं. टायर गुडघ्यात धरून डाव्या हाताने पंक्चर काढत होतात. हाक मारणार होतो. तेवढ्यात गाडी आली — म्हणजे गाडी यायला वीस मिनिटं होती, खोटं कशाला बोलू — पण मी पुलावरून पलीकडे गेलो. अख्ख्या मावळातले लोक ब्रेकसाठी ज्याच्याकडे यायचे तो माणूस सायकलचं पंक्चर काढतोय आणि तेसुद्धा — मी विचारलं होतं हो तुमच्या लेकीला, हिराला, ब्रेकची कामं का घेत नाही म्हणून. म्हणाली, घ्येत न्हाईत, म्हनत्यात माज्या हातानं कुनाचा जीव जायला नको. दाबा. धरा. सोडा.

सहा वर्षं झाली नाही? शनिवारी तुम्ही ही तयार करून दिलीत आणि रविवारी मीच म्हटलं, एक चक्कर मारून आणा. खंडाळ्याच्या उतारावर डावं चाक एकाएकी आवळलं, गाडी गर्रकन फिरली ती कठड्यावर. आणि चहाच्या टपरीवर निकाल तयार — मारुतीने डावी बाजू जास्त कसली. तुम्ही दवाखान्यात मला काय म्हणालात? 'भाऊसाहेब, माजाच हात चुकला असंल.' आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, होतं असं कधीकधी, मारुतीराव. चार संत्री आणली होती. तुम्हाला सोलता येत नव्हती म्हणून मी सोलून दिली. शिरासुद्धा काढल्या एकेका फोडीच्या, इतका मी दयाळू. दाबा.

धरा. धरून ठेवा, निपल उघडलाय. त्या शनिवारी तुम्ही गेल्यावर माझ्याकडे ते इंग्रजी पुस्तक होतं ना, गाडीबरोबर आलेलं — त्यात लिहिलेलं, सगळे भाग स्वच्छ असावेत. आता कारकुनाला 'स्वच्छ असावेत' असं लेखी दाखवल्यावर तो गप्प बसेल? डावं चाक खोललं. रबरं काळीकुट्ट, चिकट. वाडग्यात पेट्रोल घेतलं, धुतली, वर्तमानपत्रावर ओळीने वाळत घातली, आकडे टाकून. परत बसवली. हवा काढायला पेडलवर कोण होतं? शैला होती. दाबा-धरा-सोडा करून वैतागली बिचारी. पेट्रोलने रबर फुगतं, फुगून आत अडकतं, चाक सोडतच नाही — हे त्याच पुस्तकात पुढच्या पानावर आहे. पान मी सोमवारी उलटलं. सोमवारी, मारुतीराव. तुमच्या हाताचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा. तेव्हापासून ती म्हणतेय, त्यांना सांगा, मग बसेन मी पेडलवर. आज तुम्हाला निरोपही तिनेच धाडला, मी नव्हे — हे सांगायचं नव्हतं खरं — तुमचा हात चुकला नव्हता. कसलं होतंत ते बरोबर कसलं होतंत. मी आपलं पुढच्या टेबलावर —

अहो सोडू नका! निपल उघडा आहे, सोडू नका, सगळी हवा उलटी —

सोडलंत.

गेली. सगळी परत आत गेली. बंद केला आता मी, काय उपयोग. मारुतीराव? उतरलात? ...हे पाहा, शिवी द्यायची तर द्या, आत शैला ऐकेल म्हणून संकोच करू नका, ती उलट चहा करेल तुम्हाला. जाणार असाल तरी — मला इथून नुसत्या तुमच्या चपला दिसतायत हो, त्यांवरून काही कळत नाही. बोला काहीतरी.

काय? हात कशाला घालताय खाली? उठतो मी, माझा मी उठतो, हात नको — पाना? पाना मागताय? ह्या हातात? बोटं वळतील का पण त्या — बरं. बरं, घ्या. सरकतो. हा घ्या, आठचा. मी वर बसतो. उजवा पाय ना? हो.

हो, मारुतीराव. नाही बोलत.