वैशालीच्या नावावरचं कुलूप

तुम्ही ऑफिससाठी सॉफ्टवेअर टूल निवडायला बसलात म्हणून सांगतो, आमच्या ऑफिसात हे काम माझ्याकडे होतं. राजवाड्यामागे दोन खोल्या घेऊन आम्ही वेबसाइट बनवायचो. मी प्रोग्रामर, आतल्या खोलीत वैशाली डिझायनर. तिच्या बाबांची मिल बंद पडली होती, घर तिच्याच पगारावर चालायचं.

दोघांनी एकच फाइल उघडली की एकाचं काम पुसलं जायचं. म्हणून मी दर वेळी बाहेरच्या खोलीतूनच ओरडायचो, "वैशालीजी, होम पेज उघडू का?" आतून उत्तर यायचं, "रुको जरा, रंग भरतेय. तोवर चहा सांगा." असं दिवसभर चालायचं.

साहेब वैतागले. "ये चिल्लाना बंद करो, कुछ ढंग का सॉफ्टवेअर लाओ." मी भरपूर पारखून असं आणलं की जो फाइल घेईल त्याचं त्या फाइलवर कुलूप, आणि दुसऱ्याला स्क्रीनवर त्याचं नाव दिसणार. विचारायचं कामच नाही.

मग खरंच कोणी काही विचारेना. भांडण वगैरे नव्हतं, पण बोलायचं कारणच उरलं नाही. तिला पुण्यात नोकरी लागली, हेसुद्धा मला साहेबांकडून कळलं.

ती गेली, पण होम पेजचं कुलूप तिच्याच नावावर राहिलं. नवा डिझायनर आला, त्याने स्क्रीन बघून विचारलं, "भिया, ये वैशाली कौन है? कुलूप काढा ना, पासवर्ड तुमच्याकडेच आहे."

मी म्हटलं, "थांब जरा. रंग भरतेय ती."