कासव सोडल्याचा पुरावा

बाबांचं दिवसकार्य उरकून मी परत निघाले होते. मालवणच्या एसटी स्टँडवर शेजारी एक म्हातारे मच्छीमार आणि त्यांची बायको बसली होती.

"आता तरी सांगा, वनखात्याचो सायब काय म्हणालो?"

"म्हणालो, कासवाक सोडलात ता बरा केलात, कायदोच आसा. पण जाळा कापल्याची भरपाई फोटो दाखवल्याबिगर मिळाची नाय."

"मगे दाखवा फोटो!"

"काढलंय खंय? मोबाईलात जागाच नव्हती."

"जुने पुसूचे होते मां! सगळा मीच शिकवूचा?"

"पुसूकच घेतलंय, जहिरा. कासव जाळ्यात तडफडता, होडयेतलो अतहर वरडता, 'चाचा, बेगीन!' पण सगळे तुझेच निघाले."

"माझे? खयचे?"

"बाजारात मासे इकतानाचो. आपल्या आदिलाच्या निकाहातलो. एक घोरतानाचो."

"या खुदा! मगे आधी तो पुसूचो! मी काय मेलंय, फोटो जपून ठेवूक?"

"तसा बोलू नको गे. जाळा परत विणूक येता."

"आणि तोवर मी बाजारात काय इकू? माझे फोटो?"