गोल्ड कार्डाची एकच जागा

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेत संकोचून बसलेल्या वहिनी, आणि माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

दादा आज निवृत्त होताहेत. आपला विभाग इस्पितळांतली डायलिसिसची यंत्रं दुरुस्त करतो, म्हणजे आपलं निम्मं आयुष्य विमानतळावर जातं. सगळ्यांनी एकाच विमान कंपनीचं सभासदत्व घ्यायचं ठरलं, तेव्हा केवढं रण माजलं होतं, आठवतंय ना? एक कंपनी दुप्पट पॉइंट्स देत होती, वर परदेशाचं तिकीट फुकट. आम्ही सगळे तिच्या बाजूने. मी तर लेकीला परदेशवारी कबूलही करून बसले होते! विभागप्रमुख म्हणून दादा एकटे आडवे आले.

"दुसरीचे पॉइंट्स कमी आहेत, पण आपल्या गावांना तिची विमानं जास्त. आणि विमान रद्द झालं, तर गोल्ड सभासदाला पुढच्या विमानात आधी जागा. आपण अडकलो की तिकडे पेशंट अडकतो रे."

निर्णय दादांचाच झाला. काही जण कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. खुद्द दादांचे आधीच्या विमान कंपनीत साठवलेले पॉइंट्स त्यात वाया गेले. वहिनींनी अजून माफ केलेलं दिसत नाही!

मग ती धुक्याची सकाळ आली. एका इस्पितळात पाणी शुद्ध करणारा प्लांट बंद पडला आणि डायलिसिसची सगळी यंत्रं थांबली. त्याचा पंप चालवणारा नवा सर्किट बोर्ड घेऊन मी निघाले होते, दादांना तिथल्या डॉक्टरांना भेटायचं होतं. आमचं विमान रद्द झालं.

"पुढच्यात एकच जागा आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "गोल्ड कुणाकडे?"

गोल्ड दादांकडे. माझं कार्ड अजून साधं, निळंच.

"ही जागा हिला द्या."

"सर, नाव बदलता येत नाही."

मागे रांग ओरडत होती. दादांनी माझ्या हातातली बोर्डाची पेटी घेतली. "यंत्राला हात लावून बरीच वर्षं झाली गं. फोन चालू ठेव."

दुपारी फोन वाजला. दादा प्लांटखाली आडवे झाले होते, मी अजून विमानतळावरच.

"बोर्ड बसवला. प्रेशर चढत नाही."

"व्हॉल्व्ह?"

"उघडा आहे."

मागून एका बाईंचा आवाज आला, "अजून किती वेळ हो? आमच्या यांना धाप लागलीय."

"मला नीट दिसत नाहीये गं," दादा म्हणाले. "घाम डोळ्यांत जातोय."

"दादा, बघू नका. चाचपा. डावीकडचा प्लग पुरता बसलाय?"

"...नाही. अर्धवट आहे."

खट् झालं. मग फोन पडल्याचा आवाज, आणि काहीच नाही. मी भर विमानतळावर हॅलो, हॅलो ओरडत होते. लोक वळून बघत होते. शेवटी सिस्टर बोलल्या, "पाणी आलं!"

"दादा कुठायत?"

"जमिनीवर बसलेत. रडतायत. पण बरे आहेत."

दुसऱ्या दिवशी मी पोचले, तेव्हा दादा वॉर्डाबाहेरच्या बाकावर झोपले होते. त्या बाईंनी आपली शाल त्यांच्या अंगावर टाकली होती, आणि आत त्यांचे यजमान मोजून मिळणाऱ्या चहाच्या एका जास्तीच्या घोटासाठी सिस्टरशी हुज्जत घालत होते.

दादा, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? वहिनी, तुमचेही. आणि श्रोतेहो, तुम्ही इतकं शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, मध्येच आवाज चिरकला असेल, तर तेवढं पोटात घाला.