ढब्बूच्या पोटातली अंगठी

—आणि हा नुसता एका बाजूचा दर हं, ताई. मला आपलं वाटलं, एक्स-रे म्हणजे एक्स-रे, एकदा काढला की सुटलो. तर म्हणे नाही, आडवा झोपवून एक, उताणा करून एक—दोन्हींचे पैसे वेगळे. डोळेच पांढरे झाले माझे. माझ्या गुडघ्याचा काढला होता ना, तो ह्याच्या निम्म्यात झाला. पण कुत्र्याला ‘हलू नको’ म्हटलं तर कळतंय थोडंच? धरायला माणसं लागतात, त्यांचेही लावतात. लावा बाबांनो. दुखतंय कुठे म्हणता? छे हो, दुखत कुठंय त्याला. सकाळपासून उपाशी ठेवलाय म्हणून तोंड पाडून बसला होता, इतकंच. अंगठी गिळलीय त्यानं. सूनबाईची. तिच्या आईनं दिलेली, म्हणजे बघा आता. बेसिनवर काढून ठेवली होती—गायब.

कुत्र्यानंच कशावरून? हां, तेच सांगते. सून तशी अबोल. आदळआपट नाही, काही नाही, एवढंच म्हणाली, ‘मामा हात धुवायला गेले होते ना?’ मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ, परवा जेवायला आला होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अगं, ढब्बू चढला होता बेसिनवर, मी पाहिलं.’ तसा तो सोफ्यावरही आपला आपण चढत नाही, आम्हीच उचलून ठेवतो—पण येतो एखाद्या दिवशी जोर. येत नाही का? मुलगा म्हणाला, आई, त्यापेक्षा मामाला सरळ फोन करून विचारतो. म्हटलं, खबरदार. आधी कुत्र्याचं पोट बघू, मग काय ते बोल. वाईट नाही हो भाऊ माझा. आई गेली तेव्हा एवढासा होता, मीच वाढवला. जरा अडचणीत असतो, इतकंच. मागे माझी साखळी नेली, तेव्हाही मी घरात कुणाला—हरवली. हरवली हो ती, माझ्याच वेंधळेपणानं.

डॉक्टर म्हणाले, सोनं असेल तर पांढरं शुभ्र दिसेल, लपायचं नाही. आडव्यात काही दिसलं नाही. मीच म्हटलं, उताणा काढा. इथे लोक काही निघू नये म्हणून जीव मुठीत धरून बसतात, आणि मी ही अशी—

आले डॉक्टर. काय म्हणता? काहीच नाही? अहो, ठणठणीत आहे ते मला माहितीये, अंगठीचं बोला. नीट बघा ना, हे पांढरं काय, इथे कडेला? बरगडी? बरं. मग उभा धरून काढा. नसेल काढत कुणी, तुम्ही काढा. पैशाचं मी विचारलंय का तुम्हाला?

थांबा जरा, मुलाचाच फोन. —हं, बोल रे. हो, झाला आत्ताच. आहे, पोटातच आहे, स्वच्छ दिसतेय. मामाला काही विचारू नकोस आता. आणि सूनबाईला सांग, तश्शीच्या तश्शी मिळेल तिला, दोन-चार दिवस जातील फक्त. ठेवते.

तुम्ही काय बघताय माझ्याकडे? नंबर आला ना तुमचा, जा की.