बुरशीचं खोबरं

रोह्याहून पेणला निघालेल्या एस.टी.त पद्मजाबाईंच्या पुढच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. लेक धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आलेली, मांडीवर लॅबच्या ॲप्रनची घडी.

"मृणाली, खरं सांग. वैनीच्या बाळंतपणासाठी बांधलेला नवसाचा नारळ फोडलास? अंगाला खोबऱ्याचा वास येतोय गो!"

"नाय गो आये! लॅबमध्ये हिरवी बुरशी वाढवलीय, तिचा वास हाय."

"बुरशीला कुबट वास येतो."

"हिला नाय. हिच्या पोटात एंझाईम असतात, आपल्या गणपतीच्या कारखान्यातल्या कारागिरांसारखे. कोण साखरेचं तेल करतो, कोण तेलाची साखळी कापतो, शेवटचा टोकं जोडून कडं करतो. कडं जुळलं की वास सुटतो."

"डोळे आखले की मूर्ती बघाया लागते, तसं?"

"व्हय, तसंच."

"आन् खोबरं किती घालता?"

"घालतच नाय. नुसतं साखरपाणी."

"तिनं माड तरी बघितलाय?"

"मातीतली ती. तिला कुठला माड?"

आईनं हात जोडले.

"माड न बघता खोबरं! देवाचीच करणी गो ही. तुझा तो ॲप्रन दे, डोक्याला लावते."

"मळलाय गो."

"दे. थांब, आधी चपला काढू दे."

मागच्या बाकाखाली पद्मजाबाईंनीही हळूच चपलांतून पाय बाहेर काढले.