ऑनर सोसायटीची मेणबत्ती

वॉटफर्डला होम इकॉनॉमिक्स शिकत होते ना, दोन हजार चारमध्ये, तेव्हा हुशार मुलींच्या ऑनर सोसायटीत मला घेतलं. पेटती मेणबत्ती धरून शपथ घ्यायची आणि शेवटी फुंकून विझवायची. सगळ्यांनी फुंकली, मला होईना. दिवा फुंकून विझवू नये, हे आईने डोक्यात पक्कं बसवलेलं. मेण बोटांवर ओघळतंय, हॉलभर लोक बघतायत, मी या पायावरून त्या पायावर.

अध्यक्षबाई जवळ आल्या. "एनी प्रॉब्लेम, डिअर?"

"आमच्यात दिवा फुंकत नाहीत."

"हाऊ लव्हली. मग बर्थडे केकवरच्या मेणबत्त्यांचं काय करता?"

मागच्याच आठवड्यात मी बावीस फुंकल्या होत्या.

तेविसावीही फुंकली.