सांडलं की आटलं

माझी बायको हूरिया गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवसापासून घरातली सोलरची बॅटरी माझ्याकडे आली. तोवर तीच बघायची. चार महिन्यांत दिवा मंद झाला, म्हणून मी येमेनमधल्या ताइझ शहरात, नुमान उस्तादच्या बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात रांगेत उभा होतो. पुढे एक म्हातारं जोडपं होतं; नाजीचे आईबाप, म्हणून एकमेकांना उम्म नाजी, अबू नाजी म्हणत.

"उस्ताद, दोन दिवस उन्हात चार्ज केली, तरी बारा व्होल्टसुद्धा दाखवत नाही," म्हातारा म्हणाला.

"आधी सांगा, गाढवावरून कोणी पाडली!" म्हातारी मध्येच बोलली.

"उम्म नाजी, गाढव दचकलं. मी काय करू?"

"पाडलीत ते पाडलीत, वर सांडलं तेवढं पाणी भरलंत!"

"पातळी तर बरोबर आहे ना?"

"पातळी बरोबर आहे, हाजी. आतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, पातळ झालंय. पातळ तेजाबाला व्होल्ट कमीच येणार."

"मग निव्वळ तेजाब ओत."

"व्होल्ट चढतील, पण ते आतल्या पट्ट्या खाऊन टाकेल."

"अबू नाजी, रस्सा आटला तर पाणी घालतात. पातेलं उलटल्यावर पाणी घालून रस्सा होतो का?"

"तुझ्या रश्श्याचे व्होल्ट मी कधी मोजले नाहीत."

"गुरुवारी पोरीची मेंदी आहे. विहीणबाईंना अंधारात बसवू?"

"मावशी, सांडलं तेवढं तेजाब मापात भरून देतो. उन्हानं पातळी उतरली तर मात्र नुसतं शुद्ध पाणी घाला. आटतं ते पाणीच."

"ऐकलंत? मी वेगळं काय सांगत होते?"

"चाळीस वर्षं ऐकतोय, उस्ताद. हिच्या बोलण्याचा एक थेंब आटलेला नाही."

माझा नंबर आला. हूरिया बॅटरीमागे शुद्ध पाण्याची बाटली ठेवायची. मी ती उघडलीच नव्हती. पातळी उतरली की तेजाब ओतत होतो. ती बाटली कशासाठी, हे तिला विचारायचं राहून गेलं.